चौथ्या खोलीतल्या दोन बरण्या

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी टेकडीवरच्या चौथ्या दगडी खोलीत माणसाचा सांगाडा लागला. ती खोली रिकामी असायला हवी होती.

तशी नोंदच होती. एकतीस वर्षांपूर्वी पहिलं उत्खनन झालं तेव्हा ही खोली खालच्या कातळापर्यंत उपसली होती. अकरा सांगाडे काढून संग्रहालयाकडे पाठवले होते आणि चाळलेली माती परत भरून खोली बंद केली होती. जुन्या नोंदवहीत थोरल्या सरांच्या बारीक अक्षरात शेवटची ओळ होती, ‘तळ लागला. खोली रिकामी.’ थोरले सर जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या नोंदीत चूक सापडल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

टेकडीच्या माथ्यावर अशा पाच खोल्या एका रांगेत आहेत. उभ्या शिळांच्या भिंती आणि वर आडवी शिळा. माणूस आत बसू शकतो, उभा राहू शकत नाही. बांधल्या त्याला तीन हजार वर्षं तरी झाली असावीत. बांधणाऱ्यांनी आपली माणसं आत ठेवली. हजारेक वर्षांनी दुसरे कुणी आले, त्यांनी आधीची हाडं कोपऱ्यात सारली आणि आपली ठेवली. त्यांच्यानंतर तिसरे आले, आणि कुठल्याशा साथीच्या वर्षी चौथे. खोदकामावरचे लोक म्हणत, मूळ मालक कोपऱ्यात आणि पोटभाडेकरू मधोमध, जगाची रीतच आहे ती.

खोदकामाची नोंदवही ठेवणाऱ्या बाईंना सगळे वहीताई म्हणत. काय निघालं, कुठून, किती खोलीवर, किती वाजता, हे लिहायचं आणि त्या वस्तूच्या पिशवीवर क्रमांक घालायचा, हे त्यांचं काम. वय चव्वेचाळीस, नोकरीला एकोणीस वर्षं. एवढ्या वर्षांत वहीत खाडाखोड नाही, याचा वहीताईला अभिमान होता, आणि इतरांना थोडा जाच.

त्या दिवशी घोळ सुरू झाला तो बरणीपासून.

या लोकांची एक शिस्त आहे. खोदलेला खड्डा बुजवण्याआधी तळाशी काचेची झाकणबंद बरणी ठेवायची आणि आत तारखेची चिठ्ठी. पुढे कुणी तो खड्डा उघडला की त्याला कळावं, इथवर आधीचे लोक पोचले होते आणि अमुक दिवशी त्यांनी काम थांबवलं. थोरल्या सरांनी ही शिस्त घालून दिली होती आणि ती मोडणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत.

दहा वाजता चौथ्या खोलीत हातभर खोलीवर बरणी लागली.

“झालं,” सध्याचे सर वाकून म्हणाले. “बरणी म्हणजे तळ. आवरा.”

पण हाडवैदीण काही आवरायला तयार होईना. ती हाडांची तज्ज्ञ. शिकलेली बाई, पण टेकडीवर तिचं हेच नाव पडलं होतं आणि तिनंही ते चालवून घेतलं होतं. तिनं थापीच्या टोकानं बरणीखाली टोचून पाहिलं. टोक सहज आत गेलं.

“सर, कातळ असा लोण्यासारखा असतो का हो?”

“थोरल्या सरांनी तळ म्हटलंय.”

“मग कातळालाच सांगा, थोरल्या सरांचा मान राख म्हणून.”

सर हसले नाहीत, पण थांबाही म्हणाले नाहीत. सव्वा तासानं खालून गुडघ्याची वाटी वर आली आणि मग एकेक करून सगळं माणूस. उताणं, हात पोटावर, डोकं पूर्वेला. कोपऱ्यात सारलेलं नाही. नीट निजवलेलं. दुपारी चार वाजता त्या सांगाड्याच्याही खाली, अगदी कातळावर, दुसरी बरणी निघाली.

खालच्या बरणीतली चिठ्ठी थोरल्या सरांची होती. तारीख चौदा सप्टेंबर, एकतीस वर्षांपूर्वीची. मग सकाळी लागलेली वरची बरणीही उघडली. तिच्यातल्या चिठ्ठीवर त्याच वर्षाची बावीस सप्टेंबर होती आणि खाली एक ओळ. ‘खोली पुन्हा बंद केली.’ अक्षर मोठं, कागदात रुतलेलं.

“हे थोरल्या सरांचं नाही,” सर म्हणाले.

“नाही,” वहीताई म्हणाली.

“मग कुणाचं? तुम्ही तर जुन्या सगळ्या वह्या वाचल्यात.”

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, पण सवय आड आली.

“मुकादमाचं.”

पहिल्या उत्खननावरचे मुकादम वहीताईचे वडील होते, हे टेकडीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते वेगळंच, आणि ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याची जुनी दफनभूमी नव्या जलाशयात जाणार होती. नगर कार्यालय एकेक थडगं उघडून अवशेष वरच्या नव्या जागेत हलवत होतं. सहा आठवड्यांपूर्वी तिच्या आईचं थडगं उघडलं तेव्हा ती समोर उभी होती. पेटीच्या चार कड्या निघाल्या, गंजलेले खिळे निघाले, कुजक्या लाकडाचा भुगा निघाला. हाड एकही नाही.

“माती आंबट असली की असं होतं,” कार्यालयाचा कारकून म्हणाला होता. “विरघळून जातं सगळं. मनाला लावून घेऊ नका.”

पण डावीकडच्या थडग्यातले आजोबा शाबूत होते आणि उजवीकडच्या बाईंच्या तर करंगळ्यासुद्धा. मधल्या चार हातांतलीच माती आंबट कशी, हे तिनं कारकुनाला विचारलं नाही. नव्या जागेतल्या आईच्या खड्ड्यात काय ठेवायचं ते महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल, असं पत्र आलं होतं. ते तिच्या पर्समध्ये घडी घालून होतं.

आई गेली त्या वर्षी वहीताई तेरा वर्षांची होती. आईही पहिल्या उत्खननावर कामाला होती. निघालेली हाडं धुवायचं काम. छातीच्या आजारानं ती दहा नोव्हेंबरला गेली.

म्हणजे वरच्या चिठ्ठीनंतर सात आठवड्यांनी. बावीस सप्टेंबरला आई जिवंत होती, भाजी चिरत होती, लेकीच्या वेण्या घालत होती. मग सांगाडा तिचा कसा? आणि तिचा नसेल, तर बाबांनी आठच दिवसांत ती खोली कशासाठी उघडली? वहीताईनं हे दोन प्रश्न वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिले आणि खाली उत्तरासाठी जागा सोडली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. एकोणऐंशी वर्षांचे. सकाळी काय खाल्लं ते विसरायचे, पण एकतीस वर्षांपूर्वी कोणती शिळा कोणत्या दोरानं उचलली ते सांगायचे.

“बाबा, चौथ्या खोलीत तुम्ही बरणी ठेवलीत?”

“ठेवली असेल. बरणी ठेवल्याशिवाय खड्डा बुजवायचा नसतो.”

“कुणी सांगितलं होतं बुजवायला?”

“आधी उघडायला कुणी सांगितलं ते विचार की.” ते गालात हसले. “तुझ्या आईनं.”

वहीताई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“आई आहे का तिथे?”

बाबांनी सुतळी खाली ठेवली. “तिला वरचा वारा आवडायचा. म्हणायची, खाली पाण्यात मला नका ठेवू, पावसाळ्यात तिथे पायाखाली चिखल होतो. कळून चुकलं होतं तिला. म्हणाली, मला न्याल तेव्हा बरणी ठेवा हं, नाहीतर थोरले सर तुम्हाला कामावरून काढतील. चिठ्ठी माझ्यासमोर लिहा म्हणाली. मग लिहिली.”

“तारीखही तेव्हाच टाकली? आधीच?”

“चिठ्ठी म्हटली की तारीख आलीच.”

“पण बाबा, तारीख बंद करायच्या दिवसाची टाकतात.”

“मला शिकवतेस होय?” बाबा चिडले आणि पुन्हा सुतळीकडे वळले.

त्या उत्तरात सगळं बसत होतं. रिकामं थडगं, आधीची तारीख, नीट निजवलेलं माणूस, आणि चोरून केलेल्या कामातही मोडता न आलेली शिस्त. तिला रडू आलं आणि थोडं बरंही वाटलं. पण ते एक दिवसच टिकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आपणहून म्हणाले, “म्हातारीला उचललंत का?”

“कुठली म्हातारी?”

“चौथ्या खोलीतली. तुझी आई धूत होती तिला. पार झिजलेले दात. आई म्हणाली, हिला खोक्यात घालून क्रमांक मारून नाही पाठवायची, बिचारी इतकी वर्षं एका जागी पडलीय. थोरले सर शहरात गेले होते. मग आम्ही दोघांनी तिला परत ठेवलं. आई बॅटरी धरून उभी होती.”

“मग आई कुठे आहे?”

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिलाच वेड लागलंय. “खाली. दफनभूमीत. तूच नाही का फुलं टाकलीस?”

तिनं संग्रहालयाची जुनी पावती शोधून काढली. वहीत अकरा सांगाडे गेल्याचं लिहिलं होतं. पावतीवर पोचले होते दहा. एकतीस वर्षं हा फरक दोन कागदांवर, दोन कपाटांत, निवांत पडून होता. थोरल्या सरांच्या नोंदीत चूक नव्हती, पण ती खरीही नव्हती. आणि आता या गोष्टीतही, रिकामं थडगं सोडलं तर, सगळं बसत होतं. तारीखसुद्धा.

हाडवैदिणीनं तोवर सांगाडा टेबलावर मांडला होता. बाईच. पस्तीस ते पंचेचाळीस. दोनशेच्या आसपास हाडं, दुबार एकही नाही.

“पण मला पटत नाहीये गं,” ती वहीताईला म्हणाली. “दात बघ. जात्याची वाळू खाऊन खाऊन सपाट झालेत. असे दात आपल्याकडे गेल्या हजार वर्षांत कुणाचे नाहीत. आणि मांडीचं हाड बघ. ताजं वाटतं. म्हणजे, ताजं म्हणजे...”

“कळलं.”

“दात म्हातारे आणि पाय तरुण. आणि हा डावा हात मोडून जुळलाय. तुझ्या आईचा हात कधी मोडला होता का?”

मोडला होता. शिडीवरून पडून. वहीताईला गळ्यात अडकवलेली पांढरी झोळी आठवत होती, एका हातानं हाडं धुणारी आई आठवत होती, प्लॅस्टरवर आपण काढलेलं मांजरही आठवत होतं. हात कुठला ते आठवत नव्हतं. आई समोर उभी राहिली की तिचा डावा आपल्या उजव्या बाजूला यायचा, आणि वहीताई आठवणीत जितक्या वेळा आईसमोर उभी राहिली तितक्या वेळा हात बदलला.

तिनं मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, दोन शहरं पलीकडे राहणारी.

“डावा,” मावशी ताडकन म्हणाली. “नाही, थांब. भांडी कुठल्या हातानं घासायची ती? डावखुरी होती ना?”

“आई डावखुरी नव्हती, मावशी.”

“मग मी होते की काय? अगं हो, मीच. मग उजवा. बाई गं, तुला एकतीस वर्षांनी हे काय सुचलं? सर्दी झालीय का, आवाज असा का येतोय?”

“बाबांनी आईला खरंच खाली पुरलं होतं ना? तू होतीस ना तेव्हा?”

“पेटी खाली उतरवताना होते,” मावशी म्हणाली. “पेटी बंद होती. हलकी होती म्हणून माझे यजमान म्हणाले सुद्धा. मी म्हटलं, आजारी माणूस, राहिलंच होतं किती.”

सरांपुढे वेगळी अडचण होती. शंभर वर्षांच्या आतलं प्रेत निघालं तर पोलिसांना कळवायचं, असा नियम. जुनं असेल तर खोक्यात घालून संग्रहालयाकडे. ते वहीताईला खोलीत बोलावून म्हणाले, “ताई, काळाचा रकाना कोरा आहे.”

“हो.”

“तुमच्या वहीत कोरा रकाना मी पहिल्यांदा पाहतोय. ‘जुना’ लिहिलंत तर मी सही करतो. तुमच्या वडिलांना या वयात ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावायची मला हौस नाही.”

“आणि ‘जुना’ लिहिला आणि तो जुना नसला, तर आई खोक्यात जाईल. क्रमांक मारून.”

“आणि नवा लिहिलंत आणि ती म्हातारीच निघाली, तर?”

“तर मी तीन हजार वर्षांच्या परक्या बाईला आईच्या जागेत ठेवेन आणि दर वर्षी फुलं नेईन.” तिचा आवाज चढला होता. तिनं तो खाली आणला. “नमुने पाठवा सर. एक जबडा, एक मांडी. माझी लाळही घेऊ देत.”

नमुने गेले. एकोणीस दिवसांनी काळाचा अहवाल आला. लाळेचा वेगळा येणार होता. मांडीचं हाड साठ वर्षांपेक्षा जुनं नाही. जबडा दोन हजार दोनशे ते दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा. खाली प्रयोगशाळेनं सभ्य भाषेत विचारलं होतं, पिशव्यांची अदलाबदल झाली आहे काय.

“शक्यच नाही,” हाडवैदीण उसळली. “जबडा मी माझ्या हातानं उचलला, मी पिशवीत घातला.”

“क्रमांक?” सरांनी विचारलं.

दोघांनीही वहीताईकडे पाहिलं. क्रमांक तिनं घातले होते.

तिनं त्या दिवसाचं पान उघडलं. त्या दुपारी चौथ्या खोलीबरोबर तिसऱ्या खोलीतही काम चालू होतं, कोपऱ्यात सारलेल्या हाडांचा ढीग उचलत होते. एकूण पिशव्या बेचाळीस. शेवटचा क्रमांक एक्केचाळीस. सर आणि हाडवैदीण आपापल्या परीनं बेरीज करत असताना तिला कुठे पाहायचं ते आधीच कळलं होतं. सतरा क्रमांक दोनदा होता. दोन्ही ओळींत शब्द एकच, ‘खालचा जबडा’. एक तिसऱ्या खोलीतला, एक चौथ्या. वेळ चार वाजून पाच मिनिटं आणि चार वाजून दहा मिनिटं. मधल्या पाच मिनिटांत ती बाबांचं अक्षर वाचत होती.

कोठारात सतरा क्रमांकाची दुसरी पिशवी होती. त्यातल्या जबड्याचे दात फारसे झिजलेले नव्हते. तो कवटीला बसतो का ते हाडवैदिणीनं पाहिलं. बसला. मग तिनं प्रयोगशाळेतून परत आलेला पहिला जबडा बसवून पाहिला. तोही बसला.

“मनापासून सांग,” वहीताई म्हणाली.

“मनापासून सांगते, कळत नाहीये. वरचे दात उरलेले नाहीत, जुळवू कशाशी? दोघी एकाच चणीच्या होत्या. आणि टेबलावर मांडला तो जबडा तुझ्या आकड्यावरूनच आणला होता गं मी.”

मांडीचं हाड मात्र नवं होतं आणि त्यात कुठलाच घोळ नव्हता. सरांनी पोलिसांना फोन केला. ठाणेदार दुसऱ्या दिवशी येऊन खोली सील करून गेले, मग घरी आले, बूट बाहेर काढून बाबांसमोर बसले आणि त्यांनी अदबीनं जबाब घेतला. बाबा म्हणाले, चौथी खोली आपण कधी उघडलीच नाही. बरणी दाखवल्यावर म्हणाले, अशा बरण्या सगळ्यांकडे असतात. अक्षर दाखवल्यावर म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

ठाणेदारांनी तसं लिहून घेतलं. बाबांनी सही केली. सहीचं अक्षर मोठं होतं, कागदात रुतलेलं. ठाणेदारांनी ते पाहिलं, वहीताईनंही पाहिलं.

ठाणेदार गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, खोटं का सांगितलंत?”

“तू मला तुरुंगात घालणार आहेस का?”

“मला आई कुठे आहे ते हवंय. बाकी मला काही नको.”

“तेच तर मी सांभाळतोय,” बाबा म्हणाले, आणि ‘तेच’ म्हणजे काय हे तिनं तीनदा विचारलं तरी सुतळीचा गुंता सोडवत राहिले.

दुसरा जबडा प्रयोगशाळेत गेला. महिनाअखेरच्या शुक्रवारी सकाळी वहीताई नगर कार्यालयात गेली आणि तिनं कारकुनाला सांगितलं की अवशेष कुणाचे ते ठरायचं आहे.

“पण थडगं तर रिकामं होतं ना हो?” कारकून गोंधळला. “मग अवशेष आले कुठून?”

“वरून.”

त्यानं छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अर्जावर शेरा मारायला शब्द न सुचल्यामुळे त्यानं ‘चौकशी चालू’ लिहिलं आणि तीस दिवसांची मुदत दिली. नव्या जागेतला खड्डा खणून तयार होता. त्यावर पत्रा टाकला होता, पत्र्यावर दोन दगड.

त्या दिवशी पाच वाजेपर्यंत ना दुसऱ्या जबड्याचा अहवाल आला, ना तिच्या लाळेचा. सव्वापाचला ती घरी पोचली तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाबांच्या चपला जागेवर नव्हत्या. तिनं शेजारी विचारायच्या आत फोन वाजला.

“ताई, ठाण्यातून बोलतोय,” ठाणेदार म्हणाले. “तुमचे वडील आलेत. एकटेच, चालत. जबाबात भर घालायची आहे म्हणतात. तुम्ही येईपर्यंत थांबू, की घेऊ लिहून?”

मागून बाबांचा आवाज येत होता. कुणाला तरी ते कसली तरी मापं सांगत होते. लांबी, रुंदी, खोली. खोदलेल्या जागेला बसतील अशी, आणि त्या मापाची दगडी खोली टेकडीवरच्या पाचांत एकही नव्हती. म्हणजे बाबा आणखी कुठल्यातरी जागेबद्दल बोलत होते.

“घ्या लिहून,” ती म्हणाली. “मी निघालेच.”